ध्यान नेमकं कुठल्या दुखण्यावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'ध्यान करा, दुखणं विसरा' अशा थाटाचे लेख हल्ली आरोग्य पुरवण्यांत वरचेवर येतात. जुनाट कंबरदुखीत ध्यानाचा उपयोग होतो, पण नेमका कशावर होतो ते सांगायचं राहून जातं. मग पंधरा दिवस डोळे मिटून बसूनही कंबर दुखतेच म्हटल्यावर माणूस ध्यान सोडतो आणि त्याबरोबर चालणंही.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. तोवर लचकलेला स्नायू बहुतेकदा भरून आलेला असतो, पण मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणा हळवी होऊन बसते आणि साधं वाकलं तरी धोक्याची सूचना देते. भीती, दाबून ठेवलेला राग, अपुरी झोप यांनी हा हळवेपणा वाढतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा शारीरिक संवेदनेचा आणि भावनेचा एकत्र अनुभव मानला आहे. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमचं सगळं मनाचं आहे' असं पेशंटला ऐकवणं चूक तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

याच्या उलट टोकाला एमआरआय. 'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकलीय' हे शब्द कानावर पडले की माणूस धसका घेतो. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. हे पेशंटला क्वचितच सांगितलं जातं. तो पट्टा बांधतो, खाली बसणं बंद करतो, वाकायचं टाळतो. स्नायू अशक्त होतात, पुढच्या खेपेला लवकर दुखतं आणि भीती खरीच होती असं वाटायला लागतं. ध्यानाचं खरं काम हे चक्र सैल करण्याचं आहे.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यानाच्या ज्या कार्यक्रमाची सुरुवात केली, तो आज आठ आठवड्यांचा आहे: आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तास, शिवाय घरी रोज ४५ मिनिटं. २०१६ मध्ये ३४२ कंबरदुखीच्या रुग्णांवरच्या चाचणीत, २६ आठवड्यांनी, तो केलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांची हालचाल आणि कामं लक्षणीय सुधारली; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. म्हणजे फरक आहे, पण जादू नाही. शिवाय विचार-वर्तन उपचारांनीही (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारांनी) जवळपास तेवढाच गुण आला, हे ध्यानाचे प्रचारक सहसा सांगत नाहीत.

घरी सुरुवात करायची तर १० मिनिटं पुरेत. मांडी घालूनच बसायचा हट्ट नडतो. सतरंजीवर उताणं पडून गुडघ्यांखाली उशी घ्या. जमिनीवरून उठणं जड जात असेल तर पाठ टेकून खुर्चीत बसा. दहा-बारा श्वास नुसते पोटाशी जाणवू द्या. ते मुद्दाम लांबवू नका. जोरजोरात ओढले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मग डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक भाग, प्रत्येकी साधारण २० सेकंद. दुखऱ्या जागी आल्यावर तिथून पळू नका आणि तिथे मुक्कामही करू नका. ठणका आहे की जळजळ, कडा कुठे संपतात, श्वासाबरोबर काही बदलतं का, एवढं पाहा. त्याच वेळी जबडा आवळलाय का, पोट ताठ आहे का, मनात 'आता हे वाढणार' असं चाललंय का, तेही पाहा. आठ-दहा श्वासांनी लक्ष तळहातांवर आणा. तिथे दुखत नसतं, म्हणून ती जागा विसाव्याची. हे शिकायचं ते बऱ्या दिवसांत. कंबर धरलेली असताना पहिला धडा गिरवायला घेतला तर तो बहुधा फसतो. जुन्या आठवणींनी घाबरं वाटलं तर डोळे उघडा आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उठल्या उठल्या 'कमी झालं का?' म्हणून चाचपणं. त्याने मेंदूचा पहारा उलट कडक होतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ओट्याशी किती वेळ उभं राहता आलं, किती चालता आलं, एवढंच लिहून ठेवा. आणि हालचाल घड्याळ लावून वाढवा. १५ मिनिटांनी दुखणं वाढत असेल तर १२ मिनिटांवर थांबा, दर आठवड्याला मिनिटभर वाढवा. बऱ्या दिवशीही तेवढंच. 'आज बरं वाटतंय' म्हणून माळा आवरायला काढला की पुढचे तीन दिवस अंथरूण ठरलेलं.

आपल्याकडे बरेच जण थेट इगतपुरीचं विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर गाठतात. ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोएंका स्वतः अर्धशिशीला वैतागून १९५५ मध्ये ब्रह्मदेशातले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ शरीराचं दुखणं घालवायला येणार असाल तर नको, असंच त्यांना आधी सांगण्यात आलं होतं. शिबिरात चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसण्याच्या बैठकी असतात. कंबर नाजूक असेल तर खुर्चीची गरज अर्जातच कळवावी, चालू औषधंही लिहावीत.

आपणांस एक विनंती. असा लेख छापताना सोबत चौकट द्यावी: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पाय लुळा पडणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांत ध्यानाच्या आधी डॉक्टर, पहिल्या तीन लक्षणांत तर त्याच दिवशी. प्रीगॅबॅलिन, अॅमिट्रिप्टिलिन यांसारख्या जुनाट वेदनेवरच्या गोळ्या 'आता ध्यान करतोय' म्हणून एकदम बंद करू नयेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात.

आपला,
वेदना-उपचार क्षेत्रातील एक वाचक, नाशिक