लुव्रमधल्या त्या खुर्चीबद्दल

मादाम,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाच्या सुली भागात, दुसऱ्या मजल्यावर, फ्रेंच चित्रकार वातोच्या ‘सिथेरा बेटाची यात्रा’ या चित्राच्या दालनात तुम्ही पहाऱ्यावर होतात. काठी टेकत आलेले म्हातारे गृहस्थ म्हणजे माझे बाबा.

बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात जन्म गेला. हे चित्र त्यांनी फक्त एका जुन्या पुस्तकात पाहिलेलं, काळंपांढरं, पोस्टकार्डाएवढं. आदल्या दिवशी सहलीच्या म्होरक्याला विचारलं, तर म्हणाला, “काका, तिकडे कोणी जात नाही. मोनालिसापुढे फोटो काढा आणि बसमध्ये बसा.” पैसे मात्र चोख मोजून घेतलेले!

तुम्ही काही बोलला नाहीत. स्वतःची खुर्ची उचलून चित्रासमोर ठेवलीत. बाबा बसल्यावर त्यांच्यामागे वाकून पाहिलंत आणि खुणेनेच खुर्ची हातभर उजवीकडे घ्यायला लावलीत. वॉर्निशवरची चकाकी गेली. मागचं सोनेरी धुकं, नावेवर घिरट्या घालणारे इवलेसे कामदेव, सगळं दिसू लागलं. खुर्ची एखादा देईलही हो. बसलेल्याला तिथून काय दिसतंय, हे वाकून कोण बघतं?

मग बाबांचा वर्ग भरला. सिथेरा म्हणजे प्रेमदेवता व्हीनसचं बेट. उजवीकडे तिच्या पुतळ्यापाशी हातात पंखा घेऊन बसलेली बाई, त्या बाईचा घागरा ओढणारं पोर. शेजारी दोन्ही हात धरून उठवली जाणारी दुसरी. तिसरी चालू लागलीय, पण मान मागे. मंडळी बेटाकडे निघालीत की परतताहेत, यावर जाणकार भांडतात. बाबांचा निकाल: परतताहेत, पाय निघत नाहीये. फ्रान्सच्या चित्रकला अकादमीने वातोला १७१२ साली प्रवेश दिला, त्यासाठीचं हे चित्र त्याने दिलं पाच वर्षांनी, १७१७ मध्ये. “असली पोरं माझ्याही वर्गात होती,” बाबा म्हणाले. पुढे फ्रेंच क्रांतीच्या काळात चित्रकार दाविदच्या शिष्यांनी याच चित्रावर पावाचे गोळे मारले म्हणतात. तेव्हा म्होरक्यालाच काय बोलायचं!

एवढा वेळ तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होतात. तुमच्या कामात हे कुठे बसतं, मला ठाऊक नाही. माणुसकी बहुतेक वेळा कामाच्या यादीबाहेरच सापडते.

भाची फ्रेंच शिकतेय. तिच्याकडून हे पत्र उतरवून संग्रहालयाकडे पाठवतोय. व्याकरणाच्या चुका तिच्या, आभार आम्हा दोघांचे.