पायलट मित्राला, मतदानाआधी

जळगाव
रविवार

प्रिय सुरेश,

काय भो, कसा शे? तुझं पत्र मिळालं, सोबतचा कराराचा गोषवाराही वाचला. तुझ्या अमेरिकेतल्या विमान कंपनीच्या नव्या करारावरून वैमानिकांच्या युनियनमध्ये दोन तट पडलेत, मतदान तोंडावर आलंय, आणि तू विचारतोस, "तुझं आयुष्य कामगार कोर्टात गेलं, तुला काय वाटतं?" विमान तुझं क्षेत्र, करार माझं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या पत्रात पगारावर पानंच्या पानं आहेत. नफ्यातल्या वाट्यावर त्याहून कमी. आणि छोटी विमानं बाहेरच्या कंपन्यांकडून उडवून घेण्याच्या कलमावर, म्हणजे तुमच्या स्कोपवर, जेमतेम चार-सहा ओळी. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा.

पगाराचं थोडक्यात उरकतो, कारण तिथे मला फार काळजी नाही. २०२३ साली तिथल्या डेल्टा एअरलाइनच्या वैमानिकांनी कराराच्या मुदतीत ३४ टक्के वाढ मिळवली, त्याच वर्षी युनायटेडमध्ये ती चाळीसपर्यंत गेली. एका मोठ्या कंपनीने भाव दिला की बाकीच्यांना तो द्यावाच लागतो, नाहीतर माणसं तिकडे जातात. तुमच्या कंपनीने देऊ केलेली वाढ हे काही तुमच्यावरचे उपकार नाहीत. आज ना उद्या ती तुम्हाला मिळणारच आहे. म्हणून तिच्या बदल्यात काय मागितलंय, ते आधी बघ.

मागितलाय तुमचा नफ्यातला वाटा, म्हणजे तो सोडायला सांगितलाय. "पगार पक्का, नफा बेभरवशाचा," हे तुझ्या मित्रांचं म्हणणं वरवर खरं वाटतं. डेल्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना नफ्यातले १.६ अब्ज डॉलर वाटले, आणि पुढच्याच महिन्यात कोरोनाने आकाश रिकामं केलं. त्या वर्षी कंपनीला १२.४ अब्जांचा तोटा झाला, मग वाटणार काय? पण पक्क्या पगाराचाही इतिहास बघ. त्याच डेल्टाच्या वैमानिकांनी २००४ साली ३२.५ टक्के पगार सोडला. २००५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००६ मध्ये आणखी १४ टक्के गेले. दिवाळखोरीत तिथला कोर्ट युनियनचा करारही मोडू देतो, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. म्हणजे पक्का पगारही कंपनी धड आहे तोवरच पक्का. उलट नफ्यातल्या वाट्याचं वाईट वर्षी कंपनीवर ओझं नसतं, त्यामुळे तो काढून घ्यायला तिला तेवढं निमित्तही मिळत नाही. पगारकपात सोसल्याच्या बदल्यात आलेला हा हक्क आहे. चांगले दिवस आल्यावर तो परत द्यायचा, हे मला पटत नाही.

मात्र वाटा ठेवायचा असेल तर "नफा" कशाला म्हणायचं ते पान नीट वाच. आपल्या १९६५ च्या बोनस कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली) बोनस किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार, आणि जास्तीत जास्त २० टक्के होता. मधलं सगळं भांडण हिशोबाचं. आधी घसारा वजा, मग कर, मग भागभांडवलावर साडेआठ टक्के, राखीव निधीवर सहा टक्के, आणि त्यातून उरेल त्याचा ठरावीक हिस्सा कामगारांना. त्यात ऑडिट झालेला ताळेबंद कोर्टाने खरा धरायचा, असंही कायद्यातच लिहिलेलं. आमचे नाना गिरणीत होते तेव्हा दिवाळीच्या आधी आमच्या ओट्यावर कामगार जमायचे आणि कुणीतरी त्या ताळेबंदाची नक्कल मोठ्याने वाचायचं. नाना बोटाने ओळ दाखवून विचारायचे, "हा खर्च कशाचा?" उत्तर कुणाकडेच नसायचं, आणि गिरणीची माणसं ते द्यायला बांधील नव्हती. म्हणून सांगतो, नफा करपूर्व धरलाय की करानंतरचा, "विशेष खर्च" वाट्याच्या आधी वजा होतात की नाही, साहेबांचे बोनस आधी निघतात का, हे तपास. टक्केवारी तीच ठेवूनही व्याख्या बदलून वाटा अर्धा करता येतो. अशी प्रकरणं मी स्वतः चालवली आहेत.

आता स्कोप. तुझ्या गोषवाऱ्यात एवढंच आहे की कंपनीला ७६ आसनांची "थोडी जादा" विमानं बाहेरून उडवून हवीत. माझं सगळं लक्ष त्या "थोडी जादा"वर खिळलंय.

मी यावर थोडं वाचन केलं. नव्वदच्या दशकात बाहेरच्या कंपन्यांना साधारण ५० आसनांपर्यंतची जेट विमानं मिळायची. मग २००१ नंतर एकामागून एक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि कराराच्या टेबलावर ५० चे ७० झाले, ७० चे ७६ झाले. आता मर्यादा ७६ आसनं आणि ८६,००० पौंड वजन, म्हणजे साधारण ३९ टन. त्या काळात सोडलेला पगार वैमानिकांनी हळूहळू परत मिळवला. पेन्शन गेली ती गेलीच. आणि ७६ आसनांची विमानं? ती मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांकडे परत आली नाहीत. आपल्याकडे केळीवाला माणूस एखाद्या सालचा बाग वादळात गेला तरी उभा राहतो, पण वावर विकलं की सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं लागतं. पगार आणि नफ्याचा वाटा हे तुमचं पीक, आणि कुणी काय उडवायचं हे तुमचं वावर. तू रावेरचा, तुला हे जास्त सांगायला नको.

त्या कलमाची ताकद किती, तेही बघ. ब्राझीलच्या एम्ब्रेअरने ई-१७५ या अशाच छोट्या विमानाचं नवं, कमी इंधन खाणारं मॉडेल काढलं. नव्या इंजिनांमुळे त्याचं वजन ८६,००० पौंडांच्या वर गेलं, आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना ते बाहेरून उडवून घेता येईना. युनियनच्या करारातल्या एका आकड्याने परदेशातल्या कारखान्याचं विमान अडवलं! एवढी किंमत असलेली गोष्ट कंपनी तुमच्याकडून "थोडी जादा" म्हणून फुकटात मागतेय.

दुसरी बाजू तू स्वतः जगलायस. सुरुवातीची वर्षं तू अशाच छोट्या कंपनीत काढलीस. विमानावर नाव मोठ्या कंपनीचं, प्रवाशाच्या तिकिटावरही तेच, पगाराची चिठ्ठी मात्र भलत्याच कंपनीची, आणि तुम्ही सहा-सात जण एका खोलीत आळीपाळीने झोपायचात. तुझे तेव्हाचे फोन मला आठवतात. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ जे विमान पडलं, त्यावर नाव कॉन्टिनेन्टलचं होतं, पण चालवत होती कोल्गन एअर. ५० माणसं गेली. त्यातली को-पायलट सिअॅटलला राहायची आणि ड्युटी न्यूअर्कहून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांमधून प्रवास करत ड्युटीवर पोचली होती. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्या तशी थकव्याचीही चर्चा झाली, तुटपुंजा पगारही सगळ्यांसमोर आला, आणि त्यातून पुढे को-पायलट व्हायलाही १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव हवा, असा नियम झाला. स्वस्तात काम बाहेर देण्याची किंमत तिकिटावर छापलेली नसते.

हेच मी इथे एमआयडीसीत रोज बघतो. प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्याचं प्रकरण माझ्याकडे होतं. एका मशीनवर दोन माणसं शेजारी शेजारी, काम तेच, पाळी तीच. एकाचा पास पांढरा, दुसऱ्याचा पिवळा. पिवळ्यावर ठेकेदाराचं नाव. दर वर्षी ठेकेदार बदलायचा, नवं हजेरी-रजिस्टर यायचं, आणि नेमणुकीच्या तारखेच्या रकान्यात नवीन तारीख पडायची. मशीनवर केस पिकलेला माणूस कागदावर अकरा महिन्यांचा नोकर! कायम कामगारांच्या युनियनने या लोकांना सभासद करून घेतलं नव्हतं, "ती ठेकेदाराची माणसं" म्हणून. मग पगारवाढीसाठी युनियनने काम बंद केलं तेव्हा मालकाने त्याच माणसांकडून मशीन चालवून घेतली. ती तरी काय करणार, त्यांच्या घरीही चूल होती. संप बसला.

कोर्टानेही आमची साथ किती दिली? एअर इंडियाच्या कार्यालयांत झाडलोट करणाऱ्या ठेक्यावरच्या कामगारांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने १९९६ साली निकाल दिला: ठेकेदारी बंद झाली की मूळ मालकाने त्यांना सामावून घ्यावं. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात तो फिरवला. तेव्हापासून आमचं अर्धं आयुष्य "ठेकेदारी बोगस होती" हे सिद्ध करण्यात जातं. एकदा काम बाहेर गेलं की ते परत आणायचा रस्ता असा लांबचा आहे. तुमच्या हातात आज ते कलम आहे, तेवढं आमच्या हातात कधीच नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. स्कोपमध्ये एकही आसन, एकही विमान वाढत असेल तर "नाही" म्हण, पगार कितीही असो. स्कोप शाबूत असेल आणि फक्त नफ्याच्या वाट्याचा प्रश्न असेल, तर आकडेमोड करून ठरव. तिथेही माझा कौल "नाही"कडेच आहे, पण त्यावर मी तुझ्याशी भांडणार नाही.

"नाही म्हटलं तर काय होईल?" ही भीती साहजिक आहे. २०१५ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांपुढे पगारवाढ घ्या आणि नफ्याचा वाटा कमी करा असाच करार आला होता. ६५ टक्क्यांनी तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये जो मंजूर झाला त्यात टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांच्या आसपास वाढ होती आणि वाटा शाबूत होता, आणि त्याला ८२ टक्के मतं पडली. मधलं दीड वर्ष त्यांनी जुन्या पगारावर काढलं, हेही खरं. प्रत्येक वेळी असंच घडेल अशी हमी मी देऊ शकत नाही. पण तुमच्याकडे विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर अॅक्टमुळे जुना करार मुदत टळली तरी चालूच राहतो. मतदान हरलं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी रस्त्यावर येत नाही. घाई कंपनीला आहे, तुम्हाला नाही.

आणखी एक. छोट्या कंपन्यांतल्या पोरांशी वैर धरू नका. तुमच्या सभेत कुणी त्यांना "स्वस्त माणसं" म्हणालं तर उठून बोल. त्यांनी मोठ्या कंपनीत यावं, तुमच्याच ज्येष्ठता यादीत खाली नाव लागून यावं, ही मागणी तुमच्या युनियनने मांडायला हवी. त्यातल्या कित्येकांची युनियन तुमचीच आहे.

मावशींना परवा भेटून आलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा अजून मिळायचाय, पण पेपर वाचायचा हट्ट सुरू झालाय. पैसे पाठवायची घाई करू नकोस, इथलं मी बघतोय.

मला गोषवारा नको. करारातलं पहिलं, स्कोपचं कलम, नफ्याच्या व्याख्येचं पान आणि छोट्या विमानांच्या संख्येचा तक्ता, एवढं मूळ मजकुरात पाठव. मतदानाच्या आदल्या आठवड्यापर्यंत आलं तरी चालेल, रात्री बसून वाचतो आणि फोन करतो.

तुझा,
प्रकाश