गुळवेल घेताना खोड पाहा

महोदय,

पावसाळ्यात काविळीचे रुग्ण वाढले की मंडई परिसरात गुळवेलीला मागणी येते. पाने पाहून वेल ओळखू नये. हिची नि हिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या वेलीची, दोन्हींची पाने हृदयाकृतीच. खोड पाहावे. अस्सल गुळवेलीचा कागदी पापुद्रा नखाने निघतो, खाली हिरवे दिसते. क्रिस्पाचे खोड राखाडी, अंगभर चामखिळीसारखे फोड, तोडल्यावर दुधी चीक. चूर्णात मात्र हा फरक डोळ्यांना कळतच नाही.

अस्सल वेलही सर्वांना मानवत नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांतील यकृतविकाराचे रुग्ण नोंदवले. काहींना थायरॉइड किंवा मधुमेह आधीपासून होता. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की काढा थांबवून रक्तातील बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताच्या तपासण्या) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) तपासावे.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे