आधी तुझं रक्त दे

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, पूनमने डॉक्टरांची वेळ घेतलीय." वेळ पूनमने घेतली, जाणारही पूनमच. तू काय करणार, गाडी पार्क?

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, तुला माहीत आहे. बायकोची सोनोग्राफी, थायरॉइड, साखर, नळ्यांची तपासणी असं सगळं उरकल्यावर मग कधीतरी नवऱ्याला वीर्यतपासणीची चिठ्ठी मिळायची. तोही नाइलाजाने, चेहरा पाडून यायचा. आणि दिवस राहत नाहीत अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तुम्हाला आत्ताच त्या तपासणीची गरज नाही. पस्तिशीच्या आतल्यांनी वर्षभर वाट बघायला हरकत नसते. पण सिगरेट आजच सोड. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, आदल्या आठवड्यात सुधारून उपयोग नाही.

तुमच्यासाठी खरी महत्त्वाची तपासणी वेगळीच आहे. पूनमचं माहेर उल्हासनगरचं, सिंधी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक जास्त आढळतात. "आपल्यात नसतं ते," असं तुझा मामा ठासून सांगेल. त्याला बीपीसुद्धा "नसतं". मराठी घरांतही वाहक सापडतात, आणि वाहकाला स्वतःला काही त्रास नसल्यामुळे कळत नाही. दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता की बाळाला थॅलेसेमिया मेजर असेल, म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. एकच जण वाहक असेल तर ती भीती नाही. म्हणून एचपीएलसी, म्हणजे वाहक ओळखायची रक्ततपासणी, दोघांनी करा, आणि ती आत्ता, दिवस राहण्याआधी. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हवंच. शरीरात लोह कमी असलं की ज्या हिमोग्लोबिन ए-टूवरून वाहक ओळखतात, त्याचा आकडा कधीकधी खाली दिसतो आणि वाहक निसटतो.

फॉलिक अ‍ॅसिडचं डॉक्टर सांगतीलच. रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. पाळी चुकली हे कळून गोळी आणेपर्यंत बरंच होऊन गेलेलं असतं. एवढी एक गोष्ट तरी घाईची.

पैशांचं तुम्ही दोघं माझ्यापेक्षा चांगलं बघता. फक्त विम्यात प्रसूतीला किती वर्षांचा प्रतीक्षाकाळ आहे ते वाच, हप्ता भरला म्हणून लगेच खर्च मिळत नाही. पूनमला कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. तुला खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निदान 15 दिवस मिळतात. तेव्हा कंपनीत आत्ताच विचार, आणि नसेल तर हक्काच्या रजा गोव्याला उधळू नकोस.

पूनम बढतीसाठी थांबायचं म्हणत असेल तर थांबा. आत्याबाईंचे फोन आले तर माझ्याकडे वळव, मी बघते त्यांच्याकडे.

रिपोर्ट मला पाठवायची सक्ती नाही. पण हिमोग्लोबिन बरं असूनही एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली दिसला, तर ती वाहकाची खूण असू शकते, तेवढा फोटो पाठव. मला राहवणार नाही.

तुझी,
आई