'क्लॅपट्रॅप'ला मराठी शब्द आहे: टाळ्याखाऊ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दांच्या सदरात 'क्लॅपट्रॅप' या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'निरर्थक बडबड' असा दिला आहे. कोशात हा अर्थ सापडतो, त्यामुळे तो चूक म्हणता येणार नाही. पण तेवढ्यावर थांबलं की शब्दाचा जीवच जातो. शिवाय मराठीत नेमका शब्द असताना तो बाजूला राहिला याचं वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

'क्लॅप' म्हणजे टाळी आणि 'ट्रॅप' म्हणजे सापळा. हा शब्द मूळचा इंग्रजी रंगभूमीवरचा, १७३० च्या सुमाराचा. नेथन बेली या कोशकाराने त्याचा अर्थ नोंदवून ठेवला आहे. नटांना खूश करायला नाटककार त्यांच्या तोंडी आवेशाची, यमकं जुळवलेली वाक्यं घालत आणि ती फेकून नट टाळ्या वसूल करत. १८१९ च्या सुमारास शब्द नाटकाबाहेर पडला आणि भपकेदार, पोकळ बोलण्याला लागू झाला. 'बडबड' हा अर्थ त्याच्याही पुढचा. बडबड करणाऱ्याच्या मनात डाव नसतो. सापळा मात्र कुणीतरी मुद्दाम लावावा लागतो.

मी हौशी नाटकांत पंचवीसेक वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेतून हा सापळा फार जवळून दिसतो. राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका प्रयोगात बाप मुलीला घराबाहेर काढतो असा प्रसंग होता. वाक्य एवढंच, "जा, पण दार ओढून घे." तालमीत ते ऐकून लाइटवर बसणारा पोरगा डोळे पुसायचा. प्रयोगाच्या दिवशी नटाने मुलीकडे पाठ केली, दोन पावलं पुढे आला आणि बापाच्या काळजाबद्दल दोन वाक्यं पदरची घातली. टाळी कडकडून पडली. मागे ती मुलगी कडीला हात लावून तशीच उभी. टाळी थांबेपर्यंत तिला हलता येईना. नंतर तो प्रवेश सावरलाच नाही.

असल्या वाक्यांना आम्ही नाटकवाले 'टाळ्याखाऊ' म्हणतो. इंग्रजी शब्दात जे आहे ते सगळं यात आलं, टाळीही आणि तिची हावही. सभेतल्या भाषणाला, वर्तमानपत्री लेखाला हाच शब्द लावला तरी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

टाळी पडलेलं प्रत्येक वाक्य टाळ्याखाऊ असतं असं मात्र मुळीच नाही. प्रसंगातूनच आलेल्या वाक्याला प्रेक्षक मनापासून दाद देतात, आणि त्यासाठी नटाला समोरच्या पात्राकडे पाठ करावी लागत नाही.

पुढच्या रविवारी त्याच सदरात 'क्लॅपट्रॅप'पुढे 'टाळ्याखाऊ' हा शब्द छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली