अण्णाकाकांसमोर शाडूची माती ठेवा

ब्रायटन, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे. थंडी वाढली असली तरी खोली उबदार आहे आणि आईने दिलेले मेतकूट अजून पुरते आहे, तेव्हा काळजी नसावी. हे पत्र आधी तुम्ही दोघांनीच वाचावे, कारण त्यात अण्णाकाकांविषयी, त्यांच्या फौजेतल्या जखमेविषयी लिहायचे आहे, आणि आपल्या दोन खोल्यांत फोनवरचे प्रत्येक वाक्य त्यांच्या कानावर जाते.

बाबा, जे. जे. कलाशाळेची पदवी हातात असताना पुन्हा कर्ज काढून जखमी सैनिकांकडून चित्रे काढून घेण्यात कसले आले आहे शिक्षण, असे तुम्ही विचारलेत. प्रश्न रास्त आहे, पण हा छंदवर्ग नव्हे. येथे आर्ट थेरपिस्ट, म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार करणारी, म्हणवून घ्यायचे तर त्या विषयातले एम. ए. आणि आरोग्य व्यवसायांच्या परिषदेची नोंदणी कायद्यानेच लागते. शिवाय ही कल्पना कालची नाही. पहिल्या महायुद्धात आघाडीवर चित्रे काढणारा एड्रियन हिल हा चित्रकार १९३८ मध्ये क्षयाने आजारी होऊन ससेक्समधील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात राहिला होता. अंथरुणावर चित्रे काढताना आपले मन सावरते आहे हे त्याला जाणवले, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन तेथे आलेल्या सैनिकांनाही त्याने चित्रकलेला लावले. १९४२ मध्ये या कामाला आर्ट थेरपी हे नाव त्यानेच दिले. माझ्या वाटेवर येथला जुना राजवाडा लागतो. १९१४ ते १९१६ या काळात तेथे जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते, आणि ड्रॅगन रंगवलेल्या त्या छतांखाली आपली माणसे किती अवघडून पडली असतील, असे दर वेळी मनात येते.

तुम्हाला पटावे म्हणून या उपचाराचे मूळ सांगते. स्फोटाची किंवा सोबत्याच्या मृत्यूची आठवण इतर आठवणींसारखी सलग नसते. ती वास, आवाज, उजेड अशा तुकड्यांनी येते, आणि ती जागी झालेली असताना मेंदूतील बोलण्याशी संबंधित भागाचे काम मंदावल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणून कितीही मायेने विचारले तरी तो माणूस गप्प राहतो. हातात रंग किंवा माती आली की तोच तुकडा अंगाबाहेर येऊन समोर बसतो. त्याच्याकडे जरा लांबून पाहता येते, नको असेल तेव्हा तो झाकून ठेवता येतो, आणि शब्द यायचे असले तर ते मागाहून येतात. अमेरिकेतील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात मेंदूला इजा झालेले सैनिक मुखवटे करून रंगवतात. अशा ३७० सैनिकांच्या मुखवट्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी मनाची जखम थेट रंगवली होती त्यांच्यात पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाची, लक्षणे अधिक होती, आणि ज्यांनी आपले सांगणे रूपकातून मांडले होते त्यांच्यात चिंता कमी होती. मुखवट्यामुळे ते बरे झाले असे यातून सिद्ध होत नाही, आणि औषधे व बोलण्याचे उपचार सोबत लागतातच. पण डॉक्टरलाही जे तोंडाने सांगितले जात नाही ते मुखवट्यावर उतरते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आई, ही माणसे अंगावर तर येत नाहीत ना, असे तू विचारतेस. अजिबात नाही. मी एकटी कधीच नसते, आणि माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई फार अनुभवी आहेत. त्या माणसांपैकी कुणाचीही हकिकत मी लिहिणार नाही, कारण ती माझ्याकडे ठेव म्हणून आहे. एवढेच सांगते की पाच नोव्हेंबरला येथे गावोगाव आतषबाजी होते, आणि त्या रात्री मला आपल्या चाळीतली दिवाळी आठवली.

येथली एक रीत मात्र मला आल्या आल्या मुळीच समजली नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीपासून बसचालकापासून बातम्या देणाऱ्यांपर्यंत असंख्य लोकांच्या कोटावर लाल कागदी फूल दिसू लागते. मला वाटले एखादा सण आहे. ते पॉपीचे, म्हणजे खसखशीचे फूल; पहिल्या महायुद्धापासूनच्या युद्धांतील मृतांच्या आठवणीसाठी ते लावतात, आणि त्याचे पैसे माजी सैनिकांच्या मदतीला जातात. इंग्लंडमधल्या फुलाला दोन पाकळ्या आणि एक पान, तर स्कॉटलंडमधल्या फुलाला चार पाकळ्या आणि पान नाही. ते डावीकडे लावावे की उजवीकडे यावरही येथे मतभेद आहेत, प्रत्यक्षात नियम कोणताच नाही. ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे दुकानांतसुद्धा लोक स्तब्ध उभे राहतात. मला मोलाची वाटली ती निराळीच बाब: १९२२ मध्ये ही फुले करण्याचा कारखाना लंडनमध्ये निघाला तो युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या हातांना काम मिळावे म्हणून. आणि बाबा, तशाच सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरी संस्था, जी आज खडकीला आहे, ती त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, आपल्या मुंबईतच सुरू झाली होती.

आता अण्णाकाकांविषयी. सुरुंगात गेलेल्या पायाची जागा पुण्याच्या केंद्रातल्या कृत्रिम पायाने भरून काढली, पेन्शन लागली, आणि आपण सर्वांनी ते प्रकरण मिटले असे धरले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागूनही १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण आपण त्यांना किती वेळा दिले असेल. पण सुतळी बॉम्ब वाजला की ते मोरीत जाऊन दार लावून घेतात, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा माझी विनंती अशी की परळच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यातून थोडी शाडूची माती आणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या खिडकीपाशी ठेवावी. लहानपणी मला मातीचा उंदीर करून देणारे ते हात आहेत. हे काय केले, असे विचारू नका. छान झाले, असेही म्हणू नका, कारण मग ते तुम्हाला आवडेल तेच करू लागतील. शेजाऱ्यांना दाखवू नका. त्यांनी केलेले मोडून टाकले तर टाकू द्या. मात्र त्याने ते अधिक अस्वस्थ झाले किंवा त्यांची झोप उडाली, तर माती बाजूला ठेवून दादाने त्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात न्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. हे काम मी तेथे बसून करायला हवे होते, असे मनात येते, पण शिक्षण पुरे होईपर्यंत तुम्हालाच सांगणे भाग आहे.

दादाच्या लग्नाचा मुहूर्त फेब्रुवारीत निघाल्याचे कळले, फार आनंद झाला. त्याच महिन्यात माझे रुग्णालयातील प्रात्यक्षिक आहे, त्यामुळे हळदीला पोहोचणे जमणार नाही. लग्नाच्या दिवशी येता यावे म्हणून अर्ज केला आहे. वहिनीच्या शालूचे पैसे माझ्याकडून. ठाण्याच्या स्थळाला कृपया नाही कळवा. मुलगी वेड्यांमध्ये काम करते का, असे ज्यांनी विचारले त्यांच्या घरी अण्णांना मान मिळणार नाही. दुसरे स्थळ आले तर मी मोकळेपणाने बोलेन, आईने मनाला लावून घेऊ नये.

कर्जाचा हप्ता या महिन्यापासून माझ्या संध्याकाळच्या नोकरीतून भरते आहे, बाबांनी पुन्हा ओव्हरटाइम घेऊ नये. खात्यात वेगळी रक्कम पाठवली आहे, ती आईच्या पाटल्यांसाठी आहे, घरखर्चाला वापरू नका. लग्नाआधी त्या सोडवून आणा आणि पावतीचा फोटो दादाला पाठवायला सांगा.

तुमची धाकटी