तुकडे माफ, रस्ता मात्र नऊ मीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुकडेबंदी मोडून, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक मापाहून लहान तुकडे पाडून, झालेले व्यवहार नियमित करण्याचे शुल्क सरकारने माफ केल्याची कालची बातमी वाचली. अभिनंदन कुणाचे करायचे तेवढे कळले नाही. 1947 चा कायदा मोडून घेतलेला गुंठा नियमित करायला 2017 साली बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम लागत होती, 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली, आता फुकट. अजून थोडी कळ काढली तर वरून साडीचोळीही मिळेल. ज्यांनी आधीच पैसे भरले त्यांचे काय, हे बातमीत नाही.

गरिबाच्या छपराला माझा विरोध नाही. पावसाळ्यात सांगलीच्या शामरावनगरात घरात पाणी शिरते, तिथे कुणी हौसेने राहत नाही.

पण आम्ही सांगलीजवळच्या वडिलोपार्जित जमिनीचे रीतसर एनए (बिगरशेती) केले. मोजणी, तिच्या नकाशाची ‘क’ प्रत, नगररचनाचा अभिप्राय, दहा टक्के खुली जागा, नऊ मीटरचा रस्ता, सगळे केले. एका कोपऱ्यात रस्ता वीतभर कमी भरला म्हणून साहेबांनी नकाशा परत पाठवला आणि एका प्लॉटची हद्द आत घ्यावी लागली. घेतली. त्याच सुमारास शेजारच्या गटात दहा-अकरा जणांनी मिळून सामाईक खरेदीखत केले, फक्की मारून तुकडे पाडले आणि मधे बारा फुटी बोळ ठेवला. त्या बोळात पाण्याचा टँकर वळत नाही. तो वळतो आमच्या खुल्या जागेत! तिथे लावलेली करंजाची रोपे चाकाखाली गेली. बोलायला गेलो तर उत्तर मिळाले, ‘‘ओपन स्पेस सगळ्यांचीच असते ना काका?’’ ज्या कार्यालयाला आमची वीत दिसली, त्याला हा बोळ अजून दिसलेला नाही.

आता त्यांच्या सातबाऱ्यावरचा तुकडेबंदीचा शेरा निघेल. खुशाल निघू दे. बोळ रुंद कोण करणार, गटार कुठून काढणार, हे मंत्रिमहोदयांनी सांगितले असेल तर कृपया छापावे.

जाता जाता आणखी एक. माफी 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतच्याच व्यवहारांना आहे. तरी बातमीच्याच पानाच्या तळाशी ‘एक गुंठा, सातबारा नावावर, हप्त्याची सोय’ ही जाहिरात ठळक चौकटीत होती. आपल्या जाहिरात विभागाने बातमी वाचली नसावी, किंवा फारच नीट वाचली असावी.

– एक प्लॉटधारक, सांगली